सातेरीच्या परसातलं बाळंतपण

उजवी पाकळी पडली आणि माझी पीएचडी संपली.

कारवडे गावच्या सातेरीच्या देवळात त्या सकाळी सत्तर-ऐंशी माणसं बसली होती आणि देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. याला तिकडे कौल लावणं म्हणतात. देवीला प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या दिवशीचा प्रश्न असा होता की देवळामागच्या राईतली जुनी सातवीण तोडून तिथे लग्नकार्यांसाठी हॉल बांधावा का? एरवी गावाला दोन-दोन तास ताटकळत ठेवणाऱ्या देवीनं पाच मिनिटांत उजवी पाकळी सोडली.

"दिल्यान आवशीन उजवो कौल," तातू गुरव म्हणाले. आवस म्हणजे आई, इथे देवी. तिची पूजा आणि कौल दोन्ही त्यांच्याकडे होतं. टपाल्यानं तार वाचून दाखवावी तसं ते कौल सांगत. आतल्या मजकुराशी आपला संबंध नाही, असा चेहरा.

"झालं तर मग." जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष पुरुषोत्तम परब उठले. "सोमवारी सकाळी साडेसातला कापणारे येतील. साडेसात म्हणजे साडेसात."

परबांनी मुंबईच्या एका गिरणीत पस्तीस वर्षं टाइमकीपरचं काम केलं होतं. गिरणी बंद पडली, ते गावी आले, पण टाइमकीपर बंद पडला नाही. गावात कुणाकडे बारशाला गेले तरी दारात आधी घड्याळ बघायचे.

मी खांबाला टेकून उभा होतो. माझं नाव हेरंब लोंढे, वय सव्वीस, मुक्काम मूळचा कोल्हापूर, व्यवसाय पक्षी बघणे. गावातले लोक मला 'ककणेरवालो' म्हणत. ककणेर म्हणजे धनेश पक्ष्याची तिकडची काळी-पांढरी जात, जिच्या पिवळ्या चोचीवर आणखी एक अर्धी चोच ठेवून दिल्यासारखी दिसते. मी विद्यापीठाला लिहून दिलं होतं की ककणेराच्या अकरा घरट्यांचा अभ्यास करीन. सव्वा वर्ष देवराया आणि जंगलं तुडवल्यावर मला एक सापडलं. त्यावर माझ्या मार्गदर्शकांचं पोस्टकार्ड आलं होतं: 'एका घरट्याला अभ्यास म्हणत नाहीत, ओळख म्हणतात.'

ते एक घरटं त्या सातविणीच्या ढोलीत होतं, जमिनीपासून पंचवीस फुटांवर.

ककणेराची रीत अशी, की फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा, फळांचा चोथा असं मिळेल ते लिंपून आतून दार बंद करून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट राहते. मग ती आत पिसं झाडते, म्हणजे उडायची सोयच उरत नाही. अंडी घालते, पिल्लं वाढवते आणि साडेतीन महिन्यांनी बाहेर येते. तोवर बाहेरून खाऊ घालायचं काम नराचं. त्याचं काही बरंवाईट झालं तर आतले सगळे उपाशी. आणि अशी ढोल कुठल्याही झाडाला नसते. शंभर-सव्वाशे वर्षांचं झाड लागतं, आणि असली झाडं तोवर बहुतेक दारं-खिडक्या होऊन गेली होती. झाडं संपत चालली तशी ककणेरंही.

हे सगळं मी समितीसमोर तक्ते लावून सांगितलं होतं. भाषण संपल्यावर एकानं विचारलं, "मगे तुका पगार कोण देता?" बाकी प्रश्न नव्हते. मी तीन कचेऱ्यांना अर्जही केले होते. उत्तरं आली, ऑगस्टमध्ये.

पण माझ्या भाषणानं जे केलं नाही ते माझ्या दुर्बिणीनं आधीच करून ठेवलं होतं, तेही उलट्या बाजूनं. मी जिच्याकडे राहत होतो ती इंदूकाकी मेस्त्री ही गावची सुईण. पंचावन्नची, विधवा, आवाज देवळाच्या घंटेशी बरोबरी करणारा. एक दिवस मला जेवणाचा डबा द्यायला आली आणि तिनं दुर्बिणीला डोळा लावला. नर फांदीवर बसून गळ्याच्या पिशवीतून एकेक उंबर काढून फटीत देत होता. एक, दोन, सात, अकरा.

"अगो बाय," ती म्हणाली. "ह्यो काय दर दिसाक येता?"

"दिवसाला बारा-चौदा वेळा."

"दारू पिता?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी ती चार बायका घेऊन आली. आठवड्याभरात गावातल्या निम्म्या बायका 'असलो घोव' बघून गेल्या, आणि काही जणी जाताना आपापल्या नवऱ्यालाही दाखवायला घेऊन आल्या. तिथून पुढे गावातल्या पुरुषांचं ककणेराबद्दलचं मत झपाट्यानं बिघडलं. कौल लावायच्या आधी सातवीण तोडायच्या प्रस्तावाला गावात एवढे हात का वर गेले, याचं उत्तर मला हॉलच्या नकाशात कधीच सापडलं नाही.

तर देवळात लोक उठायला लागले होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"तातू, एक इचारू?"

"इचार गो इंदू."

"सातेरीच्या घरात बाळातीण आसताना तू कौल लावलंस कसो?"

उठलेले लोक खाली बसले.

"कोण बाळातीण?" तातूंनी विचारलं.

इंदूकाकीनं देवळाच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. "ती काय थंय बसली हा. दोन म्हयने होत इले. बाळातपणाक आवशीकडे इली बिचारी. आणि तुमी सुयेर पाळूचा सोडून तिची खोली पाडूक निघालास?"

मूल जन्मलं की घराला दहा दिवस सोयर लागतं, तिकडे त्याला सुयेर म्हणतात. त्या दिवसांत त्या घरानं पूजा करायची नाही, देवाला शिवायचं नाही, कुठलं शुभकार्य काढायचं नाही. कौल लावणं तर लांबच राहिलं.

परब हसले. "अहो वहिनी, पक्ष्याला कसलं आलंय सुयेर?"

"मगे गायीक कसला येता? गेल्या वर्सा देवीची गाय व्याली, तेवा धा दिस तिचा दूध देवीक चलला नाय. काय रे तातू, खरा की खोटा? गायीक लागता आणि ककणेरीक लागना नाय? ती काय मुंबैसून इली?"

मुंबईचा उल्लेख झाल्यावर सगळ्यांनी परबांकडे बघितलं. तातूंनी डोळे मिटले.

"गायीचा खरा," शेवटी ते म्हणाले. "चलला नाय."

"अहो, पण ती देवीची गाय होती!"

"आणि राई कोणाची?" इंदूकाकी म्हणाली. "राईतली सुकी काटकी कोण घरात नेता काय? नाय. कित्याक? देवीची म्हणान. काटकी देवीची, पाचोळो देवीचो, आणि ती तेवडी भायली?"

परबांनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मिस्टर लोंढे, तुम्ही शास्त्र शिकलात. ती बाळंत कधी झाली तेवढं सांगा. दहा दिवस उलटले असतील तर विषय मिटला."

माझ्या हिशेबानं पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन आठवडा तरी झाला असावा. पण तो अंदाज होता. आणि आयुष्यात प्रथमच अंदाज आणि माहिती यांच्यातला फरक काटेकोरपणे पाळावा, असं मला मनापासून वाटलं.

"आतलं काही दिसत नाही," मी म्हणालो. "अंडी दोन असतील, तीन असतील. आणि सगळी एका दिवशी फुटत नाहीत. मध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस जातात."

"म्हणजे दरेकाचो सुयेर येगळो?" तातूंनी डोळे उघडले.

"ते मला नाही सांगता येणार."

"आणि सुयेर अंडा घातल्यापासून धरूचो की फुटल्यापासून?" मागून कुणीतरी विचारलं.

या मुद्द्यावर तासभर चर्चा झाली. दोन तट पडले. अंड्याच्या बाजूचे लोक म्हणत होते की शरीरातून वेगळं झालं तेव्हाच बाळंतपण झालं. पिल्लाच्या बाजूचे म्हणत होते की रडणं ऐकू आल्याशिवाय कोण सुयेर धरतं? माझ्या विषयावर इतकी गंभीर चर्चा पुढे विद्यापीठातही झाली नाही. अखेर तातू गुरवांनी हात वर केला.

"बाळातीण खोलीच्या भायर येयसर सुयेर आसा, असा धरूया. तोवर राईत कोयतो चलूचो नाय. ती भायर इली काय शुद्ध करूया आणि कौल परत लावूया. आजचो कौल गेलो."

परबांनी घड्याळात बघितलं. जणू कौल किती वाजता गेला याची नोंद करायची होती.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "कधी बाहेर येणार ती?"

"मे महिन्याच्या शेवटी."

"पाऊस सात जूनला. म्हणजे मला आठ दिवस मिळतात. आठ दिवसांत झाड पाडून पाया भरता येईल. ती बाहेर पडली त्या मिनिटाला मला कळलं पाहिजे."

"मी सांगीन ना."

"तुम्ही? तुम्ही तिच्या बाजूचे." ते म्हणाले. "मी स्वतः बसणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला ते घडीची खुर्ची, छत्री, पाण्याचा तांब्या आणि लांबलचक वही घेऊन हजर झाले. वहीत आधीच रकाने आखलेले होते.

मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. पण गेटवर पस्तीस वर्षं काढलेला तो माणूस. कुणी यायची वाट बघणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पहिल्याच दिवसाची नोंद माझ्याकडे अजून आहे: '६.४२ आगमन. ६.४४ निर्गमन. माल: उंबर, नग बारा.' मी आठवड्यातून एक दिवस चहाला, एक दिवस अंघोळीला आणि बऱ्याचदा डुलकीला जागा सोडायचो. परब दुपारी जेवायलासुद्धा जात नसत. परबवहिनी जेवण पाठवीत आणि सोबत निरोप, की घरी गेल्या तीस वर्षांत असं लक्ष दिलं असतंत तर.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "हा माणूस वेळेचा पक्का आहे."

"पक्षी."

"तेच ते. चार दिवसांत पहिली खेप सहा चाळीस ते सहा पंचेचाळीसच्या आत. आमच्या गिरणीत चार हजार कामगार होते, लोंढे. असे दोन निघाले असते."

दहाव्या दिवशी ते सातविणीखाली वाकून काहीतरी बघत होते. ढोलीखाली जमिनीवर रोपांची दाटी झाली होती. मादीनं फटीतून बाहेर टाकलेल्या बियांची.

"हे पायरीचं रोप. हा काजरा. हे काय आहे?"

"रानजायफळ."

"हिनं टाकलेलं?"

"ही दारात टाकते. तो चार-चार मैलांवरून फळं खातो आणि बिया वाटेत टाकत जातो. मोठी फळं गिळणारे पक्षी फार थोडे उरलेत. हे गेले तर ही झाडं आपोआप लागायची बंद होतील. म्हातारी झाली की संपली. राईतली निम्मी झाडं याच्या आज्या-पणज्यांनी लावलेली असणार."

परबांनी मान वर करून राईकडे नीट बघितलं. पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला.

"बिनपगारी?"

"बिनपगारी."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

पण हॉलचा बेत कायम होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खडी येऊन पडली. कापणाऱ्यांना निरोप गेला होता की पंचवीस तारखेपासून तयार राहा. मी रोज दिवस मोजत होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीत परबही मोजत होते, फक्त उलट कारणानं. निदान मी तसं समजत होतो.

नऊ मे. सहा बेचाळीस झाले, तो आला नाही.

"येईल," परब म्हणाले. सात वाजले. आठ. नऊ वाजता ते खुर्चीतून उठले आणि येरझाऱ्या घालू लागले. "खाडा करणाऱ्यातला नव्हे तो."

दुपारी तीनच्या सुमारास फटीतून चोच बाहेर आली, इकडेतिकडे हलली आणि आत गेली. पुन्हा आली. आतून पिल्लांचं चिरकणं ऐकू यायला लागलं.

"ती बाहेर नाही येणार?"

"पिसं पुरती आलेली नाहीत. आणि पिल्लं लहान आहेत. दोन दिवस कशीबशी काढतील. मग नाही."

"बदली कामगार?"

"काय?"

"अहो, एक गडी नाही आला तर त्याच्या जागी दुसरा उभा करतात. पक्ष्यांत काही सोय असेलच ना?"

"नाही. याच्या जागी कुणी येत नाही."

परबांनी छत्री मिटली. खरं तर त्यांनी काहीच करायची गरज नव्हती. दोन दिवस नुसतं खुर्चीत बसून राहिले असते, तर सुयेर, बाळंतीण, कौल सगळेच प्रश्न एकदम सुटले असते. हे मला सुचलं. त्यांना सुचलं की नाही, मला माहीत नाही. ते देवळाकडे चालायला लागले होते.

"आपण आहोत की बदली!" ते ओरडले. "शिडी आणा कोणीतरी!"

पुढच्या अर्ध्या तासात बासष्ट वर्षांचे पुरुषोत्तम परब देवळाच्या कौलांवर होते, धोतराचा काचा मारून, हातात पंधरा फुटांचा बांबू, बांबूच्या टोकाला खोचलेलं पिकलेलं उंबर. खाली सगळा गाव. बायका सूचना देत होत्या, पुरुष त्या सूचनांवर सूचना देत होते.

"उजवीक घेवा! उजवीक!"

"अध्यक्षानु, कौला फुटतली!"

"फुटली तर समिती भरून देईल!" परब वरून ओरडले.

मादीनं पहिल्या उंबराला टोच मारून ते खाली पाडलं. दुसऱ्या वेळी तिनं बांबूच पकडला आणि सोडेना.

"जोर करू नकात!" इंदूकाकी गरजली. "बाळातीण आसा ती, रागान भरली हा! हळू, गोडीन घेवा!"

"वहिनी, मी चौदा वर्षं युनियनशी बोललोय," वरून उत्तर आलं. "हिच्याशीही बोलेन."

तिसरं उंबर तिनं घेतलं. पुढे काय झालं असेल ते असो, पण त्या क्षणी खाली जो गलका झाला तसा मी त्या देवळात जत्रेलाही ऐकला नाही. ज्यांनी झाड तोडायला हात वर केले होते त्यातले कित्येक जण उंबराच्या झाडाकडे पळाले. परबांनी वरूनच मला नोंद करायला लावली: '३.५५. माल: उंबर, नग एक. वाहक: पु. ह. परब (बदली).'

नऊ उंबरं पोचली होती, तेव्हा परबवहिनी धापा टाकत आल्या. "अहो! खाली उतरा! तुमचा तो पपईवर अडकलाय!"

"कोण माझा?"

"अहो तुमचा तो! रोज ज्याला बघता तो! जाळ्यात गुरफटलाय, सकाळपासून असेल. मी आता परसात गेले तेव्हा दिसला."

पपईला पाखरांनी तोंड लावू नये म्हणून परबांनी स्वतः, चार दिवसांपूर्वी, मासेमारीचं जुनं जाळं आणून झाडाला नीट चहूबाजूंनी बांधलं होतं. सगळ्या गावानं वर बघितलं. कौलांवर परब बांबू घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून कुणी हसलं नाही. इंदूकाकी तेवढी हसली, पण पदरात.

जाळं कात्रीनं कापायला अर्धा तास लागला. नराला परबांनी धरलं होतं. त्यानं त्यांच्या अंगठ्याला चावा घेतला, तरी त्यांनी सोडलं नाही, फक्त "हो, हो, चुकलं" असं म्हणत राहिले. एका पंखाची दोन पिसं गेली होती, बाकी ठीक होतं. सोडल्यावर तो माडावर जाऊन बसला, पिसं नीट केली. मग परत खाली आला, त्याच पपईला तीन भोकं पाडून पोटभर गर भरून घेतला आणि सातविणीकडे उडाला.

संध्याकाळी परबांनी वही उघडली. अंगठ्याला चिंधी बांधलेली, त्यामुळे अक्षर नेहमीसारखं नव्हतं. 'आगमन ५.२०. उशीर: दहा तास अडतीस मिनिटं. कारण: अध्यक्ष.'

सत्तावीस मेला सकाळी सात पाचला मादीनं आतून दार फोडलं. ती बाहेर फांदीवर आली तेव्हा चार महिने अंथरुणावर काढलेल्या माणसासारखी डुगडुगत होती. मागोमाग एक पिल्लू, आणि दुपारी दुसरं. बायका गूळ-खोबरं घेऊन आल्या होत्या. तातू गुरवांनी पंचगव्य शिंपडलं, सुयेर फिटल्याचं जाहीर केलं आणि पाकळ्या भिजत घातल्या.

"कौल कशाला?" परब म्हणाले.

"झाडाचो इचारूचो हा ना?"

"विचारण्यासारखं काही राहिलं असेल तर विचारा." त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली आणि देवळाच्या फरशीवर पसरली. हॉलचा नवा नकाशा होता. हॉल देवळाच्या उत्तरेला सरकला होता, जिथे समितीच्या सभासदांसाठी स्कूटरची शेड होणार होती. शेड गायब होती. दोघा-तिघांनी तोंड उघडलं, पण आपापल्या बायका बघतायत हे ध्यानात येऊन मिटलं.

मी त्यांना नंतर एकदा विचारलं, की असं कसं झालं?

"आमची गिरणी बंद झाली ना, तेव्हा आत पाळी चालू होती," ते म्हणाले. "माणसं कामावर होती आणि बाहेर गेटला कुलूप लावलं. वहीत ती पाळी मला कधी पूर्ण भरता आली नाही." मग ते घड्याळाकडे बघून उठले.

माझ्या प्रबंधातला सगळ्यात चांगला तक्ता परबांच्या वहीतून आलाय. परीक्षकांनी विचारलं होतं की इतक्या अचूक नोंदी कोणत्या पद्धतीनं घेतल्या? मी सांगितलं, गिरणीच्या.

या सगळ्याला तीस वर्षं झाली. गेल्या मार्चमध्ये मी कारवड्याला गेलो होतो. परब आणि तातू गुरव दोघेही आता नाहीत. सातवीण आहे, आणि राईत आता तीन ढोली लिंपलेल्या दिसल्या. इंदूकाकी पंच्याऐंशीची आहे, दिसतं कमी, ऐकू सगळं येतं. चहा झाल्यावर मी तिला ते विचारलं, जे तीस वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"काकी, खरं सांग. पक्ष्याला सुयेर लागतं?"

"सुयेर म्हणजे काय रे?" ती म्हणाली. "पोर झाला की धा दिस बाईन कशाक हात लावूचो नाय. चुलीक नाय, बावीक नाय, कांडपाक नाय. देवाक विटाळ होता म्हणान. आता देवाक खरोच होता काय, ता माका काय म्हायत? पण सासूक देवाचो भंय होतो. सुनेची दया नव्हती."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"चाळीस वर्सा मी ह्या काम केलंय. जिका धा दिस पुरूचे नाय, तिच्या घरात मी सांगी, हिचो सुयेर पंधरा दिसांचो. जुळा झाला तर एकवीस. कोण पोथी उघडून बगता? सुईण सांगता ता खरा."

"आणि तातू गुरव? त्यांना माहीत होतं?"

"तेच्या बायलेच्या पाचव्या येळाक मी तेका म्हयनोभर देवळाची पायरी चडूक दिलंय नाय. तेवाच कळला तेका. माणूस बरो. कोणाक बोललो नाय."

"म्हणजे ककणेरीच्या वेळी तू..."

"माका बाळातीण दिसली. ती कोणाची, पिसांची काय लुगड्याची, ता मी कित्याक बगू?" तिनं कप खाली ठेवला. "तुका पोरा किती?"

"एक मुलगी. पुण्याला असते. तिला गेल्या महिन्यात मुलगा झाला."

तिचा चेहरा उजळला. "दिस किती झाले?"

"अठरा."

"आणि ती काय करता आता?"

"आराम. म्हणजे रजाच आहे तिची. पण ऑफिसचं काम अडतं म्हणून साहेब फोन करतात, मग घरूनच रोज दोन-तीन मीटिंग घेते. लॅपटॉपवर. बसल्या बसल्या."

इंदूकाकीनं पदर सावरला, पाठ ताठ केली आणि हात पुढे केला.

"तिच्या सायबाक फोन लाव. माका बोलूचा हा."